जीसीसी बिल्ड करताना अडलेली लॅब

डिसेंबर २०१७. सत्र परीक्षा संपल्यावर आम्ही तिसऱ्या वर्षाच्या वीस मुलांसाठी आठवडाभराचा अभ्यासवर्ग ठेवला होता. जीसीसी हा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा मुक्त कंपायलर. त्याच्या सोर्स कोडमध्ये स्वतःचा एक छोटा पास, म्हणजे प्रोग्रॅमवर काम करणारा एक टप्पा, घालायचा आणि आपलाच सी प्रोग्रॅम त्या पासमधून जाताना बघायचा, एवढाच बेत. लॅबमध्ये दहा मशीन, सगळ्यांवर उबुंटू १६.०४, प्रत्येकी चार जीबी मेमरी. पहिला दिवस जीसीसी ७.२ बिल्ड करायला, म्हणजे सोर्स कोडपासून चालता कंपायलर तयार करायला, राखून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता दहापैकी तीन मशीनवर कंपायलर तयार होता आणि बाकीची सात अडलेली होती.

मुलं हुशार होती, मशीन जुनी असली तरी पुरेशी होती आणि सोर्स कोडमध्ये कसलीही चूक नव्हती. मुलांना मी जीसीसीच्या अधिकृत इन्स्टॉलेशन मॅन्युअलचा पत्ता दिला होता आणि सांगितलं होतं, वाचून करा, सगळं तिथे आहे. खरंच सगळं तिथे होतं. तरीही सात मशीन अडली. असं का झालं ते त्या आठवड्यात आणि पुढच्या वर्षभरात हळूहळू उलगडत गेलं. ते इथे सविस्तर लिहितोय, कारण जीसीसी सोडून दुसऱ्या कुठल्याही मुक्त प्रकल्पाचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल लिहिणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

हा कंपायलर मुळात स्वतः बिल्ड का करायचा, असं कुणी विचारेल. नुसता सी प्रोग्रॅम चालवायचा असेल तर अजिबात करू नये. उबुंटूचं तयार पॅकेज घ्यावं आणि कामाला लागावं. पण कंपायलर आतून कसा चालतो हे शिकायचं, तर सोर्स कोड हातात घ्यावाच लागतो. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसीची पहिली आवृत्ती खुली केली. तेव्हा तो फक्त सी भाषेचा कंपायलर होता. पुढे भाषा वाढत गेल्या आणि १९९९ पासून त्याच आद्याक्षरांचा अर्थ ‘जीएनयू कंपायलर कलेक्शन’ असा झाला. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं आणि तिथल्या कार्यशाळांमुळे अनेक शिक्षकांना हा अवाढव्य कोड वर्गात शिकवता येतो याचा धीर आला. मीही त्यांतलाच एक.

आता ते मॅन्युअल. त्याचे भाग असे: पूर्वतयारी, डाउनलोड, कॉन्फिगर, बिल्ड, चाचणी, अंतिम इन्स्टॉल आणि वेगवेगळ्या मशीनसाठीच्या खास सूचना. क्रम तर्काला धरून आहे. पण नुसतं कॉन्फिगरचं पान उघडलं तरी ते संपता संपत नाही. प्रत्येक पर्याय, त्याचा उपपर्याय, तो कुठल्या प्रोसेसरला लागू, कुठल्याला नाही, सगळं एकाच सुरात सांगितलेलं. एव्हीआर मायक्रोकंट्रोलरसाठी क्रॉस कंपायलर बनवणाऱ्याला त्यातली ओळ न ओळ लागते. साध्या लिनक्स मशीनवर सी आणि सी++ हवं असलेल्या मुलाला त्यातल्या जेमतेम तीन गोष्टी लागतात, आणि त्या तीन कुठल्या हे ओळखायला आधी कंपायलर बिल्ड केलेला असावा लागतो. मॅन्युअल लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. इतक्या मशीनची इतकी अचूक नोंद ठेवणं हे फार मोठं काम आहे. ते संदर्भग्रंथ म्हणून उत्तम आहे. पहिल्यांदाच वाट चालणाऱ्याच्या हाती मात्र तो संदर्भग्रंथ मी दिला, आणि गफलत तिथे झाली.

मुलं पहिल्यांदा अडली ती कॉन्ट्रिब फोल्डरमधल्या ‘डाउनलोड प्रीरिक्विझिट्स’ या स्क्रिप्टपाशी. जीसीसीला आकडेमोडीसाठी जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन लायब्ररी लागतात, आणि काही ऑप्टिमायझेशनसाठी चौथी आयएसएल. ही स्क्रिप्ट चारही आणते आणि सोर्सच्या फोल्डरमध्येच योग्य जागी ठेवते. मग त्या जीसीसीबरोबरच बिल्ड होतात, वेगळं काही करावं लागत नाही. त्या आवृत्तीतली स्क्रिप्ट या फाइल एफटीपी या जुन्या पद्धतीने आणायची, आणि आमच्या कॉलेजच्या प्रॉक्सीतून, म्हणजे नेटच्या मध्यस्थ सर्व्हरमधून, फक्त वेब पानांचं एचटीटीपी जायचं. स्क्रिप्ट एरर देत नव्हती, नुसती थांबून राहायची. काही मुलांनी दहा मिनिटं वाट पाहिली, काहींनी लगेच कंट्रोल-सी दाबून ती बंद केली, आणि सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: ही पायरी ऐच्छिक असावी.

मग कॉन्फिगर, म्हणजे मशीन तपासून बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट, चालवलं. तिथे स्पष्ट एरर आला की जीसीसी बिल्ड करायला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी हव्यात. त्याच मजकुरात पुढे सुचवलेलं होतं की ‘विथ-जीएमपी’, ‘विथ-एमपीएफआर’, ‘विथ-एमपीसी’ हे पर्याय वापरून त्या कुठे आहेत ते सांगा. सोर्स कुठे मिळेल त्याचा पत्ता होता, मॅन्युअलच्या पूर्वतयारीच्या पानाचा पत्ताही होता. कॉन्ट्रिबमधल्या स्क्रिप्टचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

इथे मला थांबावंसं वाटतं. या एररमधलं प्रत्येक वाक्य खरं आहे. पण तो वाचणाऱ्याला दोन वाटांपैकी अवघड वाटेवर नेतो. मुलांनी तो शब्दशः पाळला. तिन्ही लायब्ररी स्वतंत्र उतरवल्या आणि एकेक करून आपापल्या होम फोल्डरमध्ये इन्स्टॉल केल्या, कारण ॲडमिनचा पासवर्ड त्यांच्याकडे नव्हता. मग तीन लांबलचक पर्याय देऊन कॉन्फिगर पुन्हा चालवलं. ते पार पडलं. लॅबमध्ये टाळ्या वाजल्या. ‘मेक’, म्हणजे प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड, सुरू झालं आणि आम्ही चहाला गेलो.

परत आलो तेव्हा सातही स्क्रीनवर शेवटी तीच ओळ होती: कॉन्फिगर एरर, कॅनॉट कम्प्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स, कॅनॉट कंपाइल. खाली सल्ला: अधिक माहितीसाठी कॉन्फिग डॉट लॉग पाहा.

समोरच्या रांगेतल्या मुलीने विचारलं, “सर, कॉन्फिगर तर मघाशीच झालं होतं ना? मग आता मेकमध्ये पुन्हा कॉन्फिगरचा एरर कसा?” तिचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. तिने कॉन्फिग डॉट लॉग उघडलीही होती, आणि वाचून म्हणाली, “यात तर सगळं ठीक दिसतंय.” खरंच ठीक होतं. तिने उघडलेली फाइल बिल्ड फोल्डरच्या वरच्या पातळीवरची होती. त्या फोल्डरच्या पोटात त्याच नावाच्या डझनभर तरी फाइल होत्या, आणि खरं कारण त्यांतल्या एकीतच होतं: मशीनच्या नावाच्या उपफोल्डरमधल्या लिबजीसीसी फोल्डरमध्ये.

आत घडलं होतं ते असं. जीसीसी तीन टप्प्यांत बिल्ड होतो. मशीनवरचा जुना कंपायलर पहिल्या टप्प्यात नवा कंपायलर बनवतो. तो नवा दुसऱ्यांदा स्वतःला बनवतो, दुसरा तिसऱ्यांदा बनवतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं फळ तंतोतंत जुळतं का ते पाहिलं जातं. पहिल्या टप्प्यातल्या ताज्या कंपायलरचं तात्पुरतं नाव एक्सजीसीसी. तो हाताशी आला की त्याच्याकडून लिबजीसीसी ही मदतनीस लायब्ररी बनवून घ्यायची असते. तिचं स्वतःचं वेगळं कॉन्फिगर आहे आणि ते मेकच्या पोटातून चालतं. ते एक इवलासा प्रोग्रॅम कंपाइल करायला देतं आणि तयार झालेल्या फाइलच्या नावाचा शेवट कसा होतो ते बघतं. सफिक्सची भानगड ती हीच.

एक्सजीसीसीने तो इवलासा प्रोग्रॅम खरं भाषांतर करणाऱ्या सीसी१ कडे दिला, आणि सीसी१ सुरूच झाला नाही. त्याला एमपीसीची शेअर्ड लायब्ररी सापडेना. जोडताना ती सापडली होती, कारण ‘विथ-एमपीसी’ पर्यायाने लिंकरला, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्याला, जागा सांगितली होती. चालवताना मात्र शोधाशोध लिंकर करत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमचा लोडर करतो, आणि मुलांच्या होम फोल्डरबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे कारण एक लायब्ररी न सापडण्याचं, आणि स्क्रीनवर तक्रार फाइलच्या नावाच्या शेवटाची. लिबजीसीसीच्या लॉगमध्ये मात्र ते स्वच्छ शब्दांत लिहिलेलं होतं.

आणि आता मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट. जीसीसीच्या विकीवर इन्स्टॉलेशनचं एक छोटं पान आहे. त्यात सोर्स उलगडा, स्क्रिप्ट चालवा, सोर्सच्या बाहेर वेगळं फोल्डर करा, तिथून कॉन्फिगर चालवा, मेक, मेक इन्स्टॉल, एवढाच साधा क्रम आहे. तिथल्याच नेहमीच्या प्रश्नांमध्ये हा सफिक्सचा एरर नावानिशी आहे, खरी लॉग फाइल कुठे सापडेल ते आहे, आणि बहुतेक वेळा कारण या तीन लायब्ररींचं असतं हेही आहे. आमचे दोन दिवस ज्याने वाचले असते ते सगळं आधीच कुणीतरी आपुलकीने लिहून ठेवलेलं होतं. आम्ही ते तिसऱ्या दिवशी वाचलं. तीन मशीनवर काम का झालं होतं तेही मग समजलं: त्या मुलांनी कॉलेजच्या नेटची वाट न पाहता मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून स्क्रिप्ट चालवली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी घरच्या नेटवरून चारही फाइल उतरवून आणल्या: जीएमपी ६.१.०, एमपीएफआर ३.१.४, एमपीसी १.०.३, आयएसएल ०.१६.१. त्या सोर्सच्या फोल्डरमध्ये आधीच ठेवल्या की स्क्रिप्ट पुन्हा उतरवत बसत नाही, फाइल बरोबर आहेत का ते चेकसमने तपासते आणि पुढे जाते. सातही मशीनवर जुनं बिल्ड फोल्डर पूर्ण पुसलं आणि नव्याने सुरुवात केली. दुपारपर्यंत दहाही मशीनवर कंपायलर उभा होता.

त्याच दिवशी तिसरा एक एरर आला आणि तो मला फार शिकवून गेला. एका मुलाकडून नव्याने सुरुवात करताना ‘डिसेबल-मल्टिलिब’ हा पर्याय लिहायचा राहून गेला. ६४ बिटच्या मशीनवर जीसीसी एरवी ३२ बिटची लायब्ररीही बनवायला जातो, आणि त्यासाठी लागणाऱ्या ३२ बिटच्या हेडर फाइल आमच्याकडे नव्हत्या. जुन्या आवृत्त्यांत अशा वेळी बिल्ड बराच वेळ चालून मग ‘स्टब्ज-३२’ नावाची फाइल नाही म्हणून कोसळायचं. नावावरून नवख्याला काहीही उमगायचं नाही. आमच्या आवृत्तीत मात्र कॉन्फिगर तिथल्या तिथे थांबलं. त्याच्या एररचा आशय असा: तुमच्या सिस्टिमवर ३२ बिटच्या लायब्ररी आणि हेडर नसावेत अशी शंका येते, असतील तर हा पर्याय देऊन पुन्हा चालवा, नसतील आणि फक्त ६४ बिट कंपायलर हवा असेल तर तो पर्याय देऊन पुन्हा चालवा. मुलाने वाचलं, पर्याय जोडला, पुढे गेला. मला हाकही मारली नाही.

एकाच प्रकल्पातले हे तीन एरर मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले. एक, सफिक्सचा, खऱ्या कारणाबद्दल अवाक्षर काढत नाही. दुसरा खरं बोलतो पण अवघड वाट दाखवतो. तिसरा शंका सांगतो, दोन्ही बाजू मांडतो आणि नेमकं काय टाइप करायचं ते देतो. अडल्यावर माणूस आधी मॅन्युअल उघडत नाही. तो स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचतो. म्हणून इन्स्टॉलेशनची माहिती सुधारायची तर त्या ओळीपासून सुरुवात करायला हवी, असं माझं ठाम मत त्या दिवशी झालं आणि अजूनही तेच आहे.

त्यानंतर आम्ही लॅबसाठी स्वतःचं मराठी पत्रक लिहायला घेतलं. लिहिणारे मी आणि दोन विद्यार्थी. पहिला खर्डा चार पानांचा झाला आणि त्यात मी मॅन्युअलचीच चूक केली, म्हणजे मला माहीत असलेलं सगळं भरलं. मग ठरवलं की पत्रक तपासायचं ते ज्याने कधीच जीसीसी बिल्ड केलेला नाही अशाच माणसाकडून. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला रिकाम्या मशीनसमोर बसवलं, हातात पत्रक दिलं, आणि मी मागे खुर्ची टाकून बसलो. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, तो कुठे थबकतो तेवढं वहीत टिपायचं. गप्प बसणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं.

तो पहिल्यांदा थबकला स्क्रिप्टपाशीच. पत्रकात ती कॉन्ट्रिब फोल्डरमध्ये आहे असं होतं, म्हणून तो त्या फोल्डरमध्ये गेला आणि तिथून चालवली. ती सोर्सच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमधून चालवावी लागते, आणि ती तसं सांगतेही, पण त्याने आपण आत्ता कुठे आहोत हेच पाहिलेलं नव्हतं. आम्ही प्रत्येक कमांडच्या आधी एक ओळ घातली: आत्ता तुम्ही या फोल्डरमध्ये असायला हवं. या एका बदलाने जेवढे प्रश्न कमी झाले तेवढे दुसऱ्या कशानेच झाले नाहीत.

दुसऱ्यांदा तो थबकला मेक चालू असताना. स्क्रीनवर ओळी धावत होत्या, मध्येच वॉर्निंग येत होत्या आणि त्याचा हात कंट्रोल-सीकडे जात होता. काय ठीक आहे आणि काय नाही, हे पत्रकात नव्हतं. मग लिहिलं: या मशीनवर दोन तासांच्या आसपास लागतील, वॉर्निंग येतील, त्या येऊ द्या, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत हात लावू नका, मध्येच थांबलं तर शेवटची नव्हे, एरर हा शब्द आलेली पहिली ओळ शोधा. चार प्रोसेस एकदम चालत असल्या की खरा एरर बराच वर राहतो, हे मला अनुभवाने माहीत होतं, म्हणूनच लिहायचं सुचलं नव्हतं.

तिसरी अडचण इन्स्टॉलनंतरची. कंपायलर तयार झाला, पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरच्या यादीत, घातला, साधा प्रोग्रॅम चालला. मग त्याने थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी अनेक कामं, वापरणारा सी++ प्रोग्रॅम कंपाइल केला. कंपाइल झाला, पण चालवताना जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२२ सापडत नाही अशी तक्रार आली. ही लिबएसटीडीसी++ या सी++ च्या प्रमाण लायब्ररीच्या आवृत्तीची खूण, आणि उबुंटू १६.०४ मधल्या त्या लायब्ररीत ३.४.२१ पर्यंतच मजल होती. नव्या कंपायलरने नवी लायब्ररी गृहीत धरली आणि लोडरने जुनीच उचलली. पुन्हा लोडरच! नवी लायब्ररी कुठे ठेवली आहे ते मेक इन्स्टॉल स्वतः छापतं, पण तो मजकूर शेकडो ओळींत वाहून जातो. आमच्या पत्रकात तोवर ‘मेक इन्स्टॉल’ ही शेवटची पायरी होती. आता त्यानंतर आणखी दोन आल्या: लोडरला नव्या लिब६४ फोल्डरचा पत्ता द्या, आणि हा थ्रेडवाला प्रोग्रॅम चालवून बघा. तो चालला तरच इन्स्टॉल झालं असं समजा.

कॉन्फिगरमधल्या त्या दुसऱ्या एररचंही काहीतरी करायचं होतं. लॅबसाठी ठेवलेल्या सोर्सच्या प्रतीत आम्ही त्याचा मजकूर बदलला. सुरुवातीलाच घातलं की सोर्सच्या वरच्या फोल्डरमधून डाउनलोड प्रीरिक्विझिट्स ही स्क्रिप्ट चालवा, आणि मूळचा मजकूर जसाच्या तसा खाली ठेवला, कारण ज्यांना वेगळ्या लायब्ररी वापरायच्याच आहेत त्यांना तो लागतो. बदल एका वाक्याचा. पुढच्या वर्षीच्या गटात स्क्रिप्ट विसरलेली मुलं होतीच, पण ती त्या वाक्यापाशी थांबून मागे वळली. सफिक्सचा एरर त्या वर्षी एकाही मशीनवर आला नाही.

दुसरीच एक गोष्ट आली. पुढच्या गटातल्या तीन मुलांना कॉन्फिगरने सांगितलं, ‘इनव्हॅलिड व्हेरिएबल नेम’, आणि पुढे ‘प्रीफिक्स’ हा शब्द. कमांड पत्रकातून जशीच्या तशी उचललेली होती. आम्ही अर्धा तास त्या ओळीकडे बघत बसलो. शेवटी एकीने ती अक्षर न् अक्षर मोठं करून पाहिली. पत्रक आम्ही वर्ड प्रोसेसरमध्ये केलं होतं, आणि त्याने ‘प्रीफिक्स’च्या आधीच्या दोन छोट्या रेघांची परस्पर एक लांब रेघ करून टाकली होती. कॉन्फिगरला तो पर्याय वाटलाच नाही. बरोबरचं चिन्ह दिसल्यामुळे त्याने ते व्हेरिएबलचं नाव समजून नाकारलं. कागदावर छापलेल्या प्रतीवरून हाताने टाइप करणाऱ्यांचं काहीच अडलं नव्हतं, म्हणून वर्षभर ही चूक कुणाच्या ध्यानात आली नाही.

त्या दिवसापासून पत्रक साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे आणि जीसीसीच्या सोर्सशेजारीच ठेवलेलं आहे. ज्याला अडेल त्याने अडलेली जागा तिथेच लिहायची असा रिवाज पडला. मोठी रेघ शोधणाऱ्या मुलीने त्याच संध्याकाळी त्यात एक ओळ घातली: सुरुवात करण्याआधी आपल्या खात्यात जागा किती उरली आहे ते बघा, माझं बिल्ड दुसऱ्या टप्प्यात जागा संपून बंद पडलं.